चतुरीची वाकळ

१

सहा महिने उसाच्या फडावर राबून घरी आलेल्या माणसाला आधी काय सुचावं? पाठ टेकावी, दोन दिवस मेल्यागत पडून राहावं. गडीमाणसं तेच करतात, आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही. बायांचं तसं नसतं. बायांना आधी अंथरुणं दिसतात.

पारूबाईला तीच दिसली. गाडी अंगणात सुटली. तिचा नवरा वैजीनाथ बैलांना पाणी दाखवून बाजेवर आडवा झाला, तो घोरायलाच लागला. पारू मात्र गाडीतल्या त्या भल्यामोठ्या बोचक्याकडं बघत उभी राहिली. वाकळा, घोंगड्या, एक फाटकी सतरंजी. पाचटाच्या कोपीत, त्या ठेंगण्या झोपडीत, भुईवर अंथरून त्यांनी सगळा हिवाळा काढला होता. पौषातली ओल त्यात मुरलेली, चुलीचा धूर मुरलेला, उसाची कुसं तर अशी रुतलेली की हात लावला तरी अंग खाजावं. निजामाचं राज जाऊन आठ-नऊ वर्षं झाली, पण सोनपेठकडच्या या कोरडवाहू गावांची दसऱ्यानंतर नगरकडच्या कारखान्यांवर जायची वाट काही सुटली नव्हती.

"पारू, ते बोचकं उंबऱ्याच्या आत आणू नको गं!" सासू गोजरबाई दारातनंच ओरडली. "ढेकणाची नुसती पैदास हाय त्यात."

"न्हाई आणत, आत्याबाई. उद्या गंगेवर नेते."

"उद्या न्यायचं तर राखेच्या पाण्यात आत्ताच भिजू घाल. उद्या उद्या म्हणलं की कामाला पाय फुटतात."

पारूला रडू आलं आणि हसूही आलं. हाडं नुसती खिळखिळी झाली होती. पण सासूचं बोलणं तिच्या कानावरून गेलं, कारण सासूच्या लुगड्याआडून एक अर्धा चेहरा डोकावत होता. एक डोळा, एक गाल, विस्कटलेली झिपरी.

"चतुरे," पारू हळूच म्हणाली. "ये की गं."

चेहरा गडप झाला.

"वळखंल हळूहळू," गोजरबाई म्हणाली. "सहा महिने मोठमाय मोठमाय करून माझ्यामागं फिरलीय. एका दिसात तुला कशी वळखंल?"

मोठमाय म्हणजे आजी. चतुरी तीन वर्षांची. कोपीत गारठून पोर मरंल म्हणून गोजरबाईनंच तिला ठेवून घेतलं होतं, आणि ते खरंही होतं. दसऱ्यानंतर गाड्या निघाल्या तेव्हा चतुरी झोपेत होती. उठवली असती तर आकांत केला असता, म्हणून पारू तिला तशीच झोपेत सोडून गेली. सहा महिने तिनं एकच गोष्ट मनाशी धरली होती. आपण परत जाऊ, पोर 'माय' म्हणून पळत येईल आणि गळ्याला मिठी मारील. बस्स, तेवढंच. बाकी देवाकडं तिचं काही मागणं नव्हतं.

तिनं पदर खोचला आणि बोचक्याची गाठ सोडली. वरची घोंगडी गार होती, संध्याकाळच्या हवेनं पार गार. तिच्याखालची वाकळही गार. मधोमध चतुरीची लहान वाकळ होती. पोरीच्या जन्माआधी पारूनं स्वतः शिवलेली, जुन्या लुगड्यांची, निळ्या काठाची. पोरीचा वास राहील म्हणून ती तिनं फडावर सोबत नेली होती.

ती वाकळ गरम होती. आत्ताच कुणी तरी त्यावरून उठून जावं, इतकी.

दिवसभराचं ऊन खाल्लंय बोचक्यानं, पारू मनाशी म्हणाली. मग वरची घोंगडी का गार, हा विचार तिनं केला नाही. दमलेलं माणूस इतका विचार करत नसतं.

२

सकाळी राखेत आणि पापडखारात भिजलेलं सगळं गाडीवर घालून ती गंगेवर गेली. गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात. उन्हाळ्यानं पात्र आटलं होतं, पण डोहात पाणी होतं आणि काठाला बडवायला खडक होते. शेजारची दगडाबाई आधीच धुणं घेऊन बसली होती. दगडाबाईचं तोंड म्हणजे वाहती मोट. पारूला ते बरंच वाटलं, कारण तिला स्वतःला बोलायचं त्राण नव्हतं.

घोंगड्यांना तिनं बडवलं नाही. लोकर आटते. रिठ्याच्या पाण्यातून नुसत्या खळबळून काढल्या. वाकळा मात्र खडकावर आपटल्या, धोपाटण्यानं झोडपल्या. काळं पाणी निघालं, मग तांबडं, मग गढूळ. एकेक वाकळ पिळताना खांद्यातून कळ यायची. शेवटी तिनं लहान वाकळ उलगडली.

दगडाबाई फिदीफिदी हसली. "अगं बया! पोरगी घरी ठेवून गेल्तीस ना? मग ह्याच्यावर मुतलंय कोण? वैजीनाथ का काय?"

मधोमध गोल डाग होता. कडेनं पिवळा, आत फिका. रात्रभर राखेत भिजूनही तसाच. लेकुरवाळ्या बाईला तो डाग दुरून कळतो.

"मांजर असंल," पारू म्हणाली. "कोपीत एक मांजर यायचं."

"फडावर मांजर? उसात तर कोल्ही फिरतात म्हणं."

"हाय एक. पिवळं."

असलं कुठलंही मांजर नव्हतं. आपण खामखा खोटं का बोललो, हे पारूला कळेना. तिनं धोपाटणं उचललं, आणि हात वरच राहिला. त्या वाकळेवर घाव घालणं तिच्यानं होईना. मग तिनं ती पाण्यात धरून हातानंच चोळली, हळू, दुमडून, उलगडून.

"पारू, धुवायलीस का लेकरू न्हाऊ घालायलीस?" दगडाबाई म्हणाली आणि आपल्याच थट्टेवर हसत पिळायला लागली.

पारू हसली नाही. तिनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. वाकळेचं एक टोक तिनं डाव्या तळव्यावर तोलून पाण्याच्या वर धरलं होतं. नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून धरतात, तसं.

तिनं झटकन हात काढून घेतला. वाकळ बुडाली, बुडबुडे आले. भिजल्या कापडातून येतातच बुडबुडे. डोहाचं पाणी इतकं गार होतं की तिची बोटं बधिर झाली होती. पण तळाशी हात घालून तिनं वाकळ वर काढली, तेव्हा तिचा मधला भाग बोटांना गरम लागला.

३

सगळं माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छपरावर, वाळत घातलं. वैशाखाचं ऊन म्हणजे मस्करी नाही. दोन उन्हांत घोंगड्या कडकडीत झाल्या, वाकळांचा पापड झाला, सतरंजीला मोडू की काय असं वाटायला लागलं. लहान वाकळ तेवढी वाळेना. कडा वाळल्या, मधली जागा ओलीच. कुशीवर निजलेल्या लेकराएवढी ती जागा.

पारूनं ती उलटी केली. खालची पांढरी माती कोरडी ठाक होती. मधे थर जास्त झाले असतील, म्हणून पाणी धरून ठेवलंय, तिनं मनाला समजावलं. पण शिवली कुणी होती? तिनंच. थर सगळीकडं सारखे होते, तिला ठाऊक होतं. मग ती स्वतःवरच चिडली. वाळली नाही तर काय होईल? वाकळच ती!

शिडीवर पावलं वाजली. चतुरी वर आली होती, मोठमायला चुकवून. पोरीला लपायची खोड होती. कधी बाजेखाली, कधी पोत्यांमागं, कधी जोंधळा संपलेल्या रिकाम्या कणगीत. तुराट्यांची ती उंच टोपली म्हणजे तिचं घरच, जात्यावर पाय देऊन ती आत उतरायची. गोजरबाईचा निम्मा दिवस तिला हुडकण्यात जाई.

पारूनं हलायचं नाही असं ठरवलं. चिमणी दाण्यापाशी येते तेव्हा माणूस हलत नाही, तशी ती बसून राहिली. "चतुरे, ही बघ तुझी वाकळ. तुझ्यासाठी शिवली मी. हे बघ, हा मोठमायच्या लुगड्याचा काठ."

चतुरीनं लांबूनच पाहिलं. "माझी न्हाई."

"तुझीच गं सोने."

"न्हाई. तिची हाय." पोरीनं हनुवटीनं ओल्या जागेकडं दाखवलं.

पारू हसली. हसायचं म्हणून हसली. "कुणाची? नाव काय तिचं?"

चतुरीनं जरा विचार केला. "चतुरीच म्हणती."

माळवदावर एवढं ऊन, पण पारूच्या पाठीवर काटा आला. पोरं बोलतात काहीबाही, ती म्हणाली. एकटी वाढलेली पोर, मनानं सोबती करते. तिनं हात पुढं केला. "ये, माझ्याजवळ बस."

चतुरी एक पाऊल पुढं आली. खरंच आली. मग थांबली आणि निरागसपणानं म्हणाली, "बाई, तू कवा जाणार?"

पारूला वाटलं, त्यापेक्षा कोयता पायावर पडला असता तर बरं होतं.

४

दुपारी ओट्यावर बसून सासू-सुना उसवलेले टाके घालत होत्या. वैजीनाथ गाडीच्या चाकाची लोखंडी धाव बसवायला सोनपेठला गेला होता. गोजरबाईनं लहान वाकळ ओढून घेतली, मांडीवर पसरली आणि सुईसकट हात मागं घेतला.

मग खालच्या आवाजात म्हणाली, "पारू, खरं सांगशील? रिकामं अंथरूण थोपटलंस का तिकडं?"

"म्हंजी?"

"म्हंजी कळंना व्हय तुला? रिकामा पाळणा हलवू नये, रिकामं अंथरूण थोपटू नये. जाताना बजावलं होतं तुला. जागा केली की जागेला कुणी तरी येतंच."

"न्हाई थोपटलं," पारू म्हणाली.

धडधडीत खोटं. पहिल्या दिवसापासून तिनं तेच केलं होतं. दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, आणि दिवेलागणीला कोपीत आली की आधी आपल्या कुशीशी ती लहान वाकळ अंथरायची. एकदा हात गेला तो गेलाच. थोप, थोप. "नीज गं चतुरे, नीज." आधी रडत थोपटायची. पुढं रडू आटलं, थोपटणं राहिलं. जेवताना भाकरीचा पहिला घास त्या वाकळेच्या कडेला ठेवायची. सकाळी तो नसायचा. उंदीर नेत असतील. वैजीनाथ पाहायचा आणि न पाहिल्यासारखं करायचा, बिचारा.

पौषात एक झालं. पहाटे कारखान्याचा भोंगा व्हायचा, त्याआधी उठून फडात जावं लागे. एका पहाटे पारूला जागच आली नाही, इतकी ती थकली होती. तेव्हा कानाशी कुणी तरी म्हणालं, "माय, भोंगा झाला." ती दचकून उठली. भोंगा झालेला नव्हता. ती उठून बसल्यावर झाला. त्या दिवसानंतर तिला कधी उशीर झाला नाही. रोज कुणी तरी उठवायचं. स्वप्न असतं ते, माणूस ज्याचा ध्यास घेतं ते त्याला ऐकू येतं, असं ती स्वतःला सांगायची. खरं सांगायचं तर ती हाक ऐकायला मिळावी म्हणूनच ती झोपायची.

"थोपटलं नसंल तर बरंच," गोजरबाई म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता. "तरी पण ही वाकळ गंगेत सोडून ये. एका वाकळंनं घर उघडं पडत न्हाई."

"लय जीव लावून शिवलीय, आत्याबाई."

"त्याचंच भ्याव वाटतंय मला." गोजरबाईनं वाकळ दोन बोटांनी तिच्याकडं सरकवली. "सोडवत नसंल तर फडाच्या अंथरुणातच ठेव. कणगीत घाल आन् लिंपून टाक. आपल्या चतुरीच्या अंगावर मातर घालायची न्हाई. ध्यानात ठेव."

५

फडाची अंथरुणं घरात वापरत नसत. रिकाम्या कणगीत कडुलिंबाचा पाला घालून ती रचायची, वर झाकण ठेवून शेणमातीनं सांधा लिंपायचा. मग पुढच्या दसऱ्यापर्यंत तिकडं बघायचं काम नाही. ना कसर लागत, ना उंदीर शिरत.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, वैजीनाथ बैलं घेऊन रानात गेला. गोजरबाई घागर घेऊन गंगेकडं निघाली. "पोरीवर ध्यान ठेव गं. कुठं तरी दडून बसलीय, भूक लागली की येईल बाहेर."

"व्हय, आत्याबाई."

पारूनं तळाला पाला घातला, त्यावर घोंगड्या, सतरंजी, मोठ्या वाकळा. मग लहान वाकळ. ती अजून ओलसर होती. ओलं अंथरूण कोंडलं तर कुबट होतं, सगळी मेहनत पाण्यात. हे तिला माहीत होतं आणि तिला त्याची फिकीर उरली नव्हती. एकदाचं संपवायचं होतं. झाकायचं, लिंपायचं आणि निजायचं.

वर घालायला पाला कमी पडला. कणगी उघडी टाकून ती मागच्या लिंबाकडं गेली. डहाळ्या ओरबाडताना झाडालाच टेकून तिचा डोळा लागला. किती वेळ, देव जाणे. दचकून उठली, पाला घेऊन आत आली.

कणगीतला ढीग जरा वर आल्यासारखा वाटला. फुगतात वाकळा. तिनं दोन्ही हातांनी दाबला. लहान वाकळ हाताखाली गरम होती, ते आता नवं नव्हतं. दाबल्यावर ती थोडी खाली गेली आणि मग हलकेच तिनं हात वर ढकलला.

पारू क्षणभर थांबली. मग तिनं पाला टाकला, झाकण बसवलं आणि शेणमातीचा गोळा घेऊन सांधा लिंपायला बसली. बोटं आपोआप फिरत होती. एक वेढा, दुसरा वेढा. लिंपण पार झालं. हात धुतले. चटई टाकली. आता आभाळ कोसळलं तरी उठायचं नाही, असं म्हणून ती आडवी झाली.

६

घरात अंधारून आलेलं, बाहेर रणरण ऊन. पारूचे डोळे मिटत होते. तेवढ्यात दाराशी पावलं वाजली. लहान, अनवाणी.

ती हलली नाही.

चतुरी चटईपाशी येऊन उभी राहिली. कुठं दडली होती कोण जाणे, केसांना जळमट लागलं होतं. बराच वेळ ती पारूकडं बघत राहिली. मग परक्या घरी विचारतात तसं तिनं विचारलं, "मी हितं निजू?"

"नीज की," पारू म्हणाली. "नीज की गं माझे बाई."

पोर आडवी झाली. आधी पाठ करून, मधे वीतभर जागा ठेवून. मग ती जागा थोडी कमी झाली. मग वळली आणि पारूच्या हातातल्या बांगड्यांशी खेळायला लागली. तिचं डोकं पारूच्या दंडावर आलं. पारूला वाटलं, सहा महिन्यांचा शीण पायाच्या नखांतून वाहून चाललाय. देवा, एवढंच तर मागितलं होतं. 'माय' म्हणाली नाही तर नाही म्हणाली, म्हणेल. घाई कुठं आहे? तिचा हात पोरीच्या पाठीवर गेला आणि सवयीनं थोपटायला लागला. थोप, थोप.

पोरीचा श्वास संथ झाला. पारूही पेंगली.

कोपऱ्यात खरवडल्याचा आवाज आला.

उंदीर. कणगीत उंदीर कोंडला गेला वाटतं. कुरतडणार आता सगळं. राहू दे, उठल्यावर बघू.

पुन्हा आवाज आला. उंदीर इतका थांबून थांबून खरवडत नाही. आतून, तुराट्यांवर, नखांनी. आणि मग पाल्याच्या, वाकळांच्या आडून, दबलेला, बारीक, रडवेला आवाज आला.

"मोठमाय..."

७

पारूचा हात थोपटता थोपटता थांबला.

कणगी उघडी टाकून आपण पाल्याला गेलो होतो. कणगीत लपायची पोरीची खोड. ढीग वर आलेला. दाबल्यावर हात वर ढकलला होता. गरम होतं, आणि आपण म्हणालो, ते नवं नाही! आपण आपली पोर कोंडली. आपल्या हातानं लिंपून टाकली.

"मोठमाय गं..."

मग ही कोण?

पारूनं दंडावरच्या डोक्याकडं पाहिलं. मिटलेले डोळे, जळमट लागलेले केस. अंग गरम होतं. किती गरम! डोहातून वर काढलेल्या वाकळेएवढं. झोपलेलं प्रत्येक लेकरू गरम असतं, पण हे पारूला त्या क्षणी सुचलं नाही. तिला एवढंच सुचलं की जे फडावरून आपल्याबरोबर आलं ते आपल्या कुशीत आहे, आणि आपली चतुरी तिकडं गुदमरते आहे.

तिनं हात हिसडून काढून घेतला. पोरीचं डोकं भुईवर आपटलं.

"सर! सर तिकडं!" पारूनं तिला दोन्ही हातांनी ढकलून दिलं. "कोण हायेस तू? काय पायजे तुला?"

पोर भिंतीला जाऊन धडकली. रडली नाही. नुसती बघत राहिली.

पारू कणगीवर तुटून पडली. ओलं लिंपण बोटांनी उकरलं, नखं मोडली, झाकण फेकलं, पाला उपसला. "आले गं, आले! माझी सोनी, आले!" हाताला डोकं लागलं, घामेजलेले केस लागले, दोन दंड लागले. तिनं ओढून बाहेर काढलं आणि छातीशी धरलं. गळ्याभोवती मिठी बसली. घट्ट, जशी तिनं सहा महिने मनात आणली होती तशीच. तोंड तिच्या मानेत खुपसलेलं, दिसत नव्हतं. लिंबाच्या पाल्याचा वास येत होता.

"माय," ते म्हणालं.

पारू ओक्साबोक्शी रडली. "चुकले गं मी, चतुरे. चुकले. आता कुठंच जायची न्हाई तुला सोडून."

रडता रडता तिची नजर भिंतीकडं गेली. ती पोर उठून उभी राहिली होती. कपाळावर टेंगूळ आलं होतं, आणि त्यातून रक्ताचा एक बारीक ओघळ भुवईवर उतरत होता. पोरीनं त्याला बोट लावलं, बोट पाहिलं, आणि मग तिचा ओठ थरथरायला लागला. असा ओठ फक्त चतुरीचाच थरथरायचा. जन्मल्यापासून.

"मोठमाय!" ती किंचाळली आणि दारातून उन्हात पळत सुटली. "मोठमाय गं! मला मारलं!"

पारूचं रडणं थांबलं. घर एकदम शांत झालं. खांद्यावरचं ओझं जड होत चाललं होतं. ओल्या अंथरुणाला येतो तसला जडपणा. तिनं खाली ठेवायला पाहिलं, पण तिचे दमलेले हात सुटेनात, आणि गळ्याभोवतीची मिठीही सुटेना. पाठीवर एक लहानसा हात पडला.

थोप, थोप.

"नीज, माय," मानेत तोंड खुपसून ते म्हणालं. "भोंगा झाल्यावर उठवते मी."

अंगणात घागर आदळल्याचा आवाज आला. गोजरबाई दारात येऊन उभी राहिली, धापा टाकत. तिचं लुगडं मुठीत धरून मागं चतुरी होती, कपाळावर रक्त, हुंदके देत. गोजरबाईनं पारूच्या खांद्याकडं पाहिलं. पाहिलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. मग सावकाश तिनं आपला पदर पसरून चतुरीच्या डोळ्यांवर धरला.

चतुरीनं तो बाजूला केला. तिला भीती वाटत नव्हती. ती आता रडतही नव्हती. ती पारूकडं बोट करून म्हणाली,

"मोठमाय, बघ. त्या बाईला तिची पोरगी घावली."